शिष्यवृत्तीत काय बसत नाही

जालना, ९ जून २०२५

आदरणीय शेजूळ सर,

तुमचं पाकीट शुक्रवारी मिळालं. आत अकरा मुलांची नावं, बारावीचे गुण, पालकांचे मोबाइल नंबर आणि खाली चिठ्ठी: 'प्रवेश विभागप्रमुख यांस, सर्व पालक माझ्या शब्दावर आहेत. बाकीचं नेहमीप्रमाणे बघून घ्यावं.'

सही बघायच्या आधीच मला अक्षर ओळखू आलं. आठवीपासून बारावीपर्यंत याच अक्षरातले शेरे माझ्या वह्यांवर होते, लाल शाईतले.

सर, तुम्ही ज्यांना लिहिलंत ती प्रवेश विभागप्रमुख मीच आहे. ज्योत्स्ना पुंजाराम मगरे, २०११ ची बारावी. तेवढ्यानं लक्षात आलं नसेल तर, निबंध स्पर्धेत तालुक्यात पहिली आलेली आणि बक्षीस घ्यायला तुमच्या स्कूटरवर मागं बसून घनसावंगीला गेलेली. बदनापूरच्या अलीकडं आमचं फार्मसी कॉलेज आहे. क्लार्क म्हणून लागले, आता सहा वर्षं झाली. प्रवेशाचं टेबल तीन वर्षांपासून माझ्याकडं आहे.

'नेहमीप्रमाणे' म्हणजे काय ते मला कळतं. मुलं आणून देणाऱ्याला प्रत्येक मुलामागं काही द्यायचं, ही पद्धत इथंही होती. मी टेबल घेतलं त्या वर्षी ती बंद झाली. बंद मी केली. हे मुद्दाम लिहिते आहे, कारण मला त्याचा अभिमान आहे.

म्हणून यादी परत पाठवते. मुलांना यायचं असेल तर त्यांनी आईवडिलांना घेऊन यावं, पाहिजे ते विचारावं. सोबत आमचं एक पानी माहितीपत्रक जोडलं आहे. सगळ्यात वरचं वाक्य ठळक आहे: 'शासनाच्या केंद्रीय प्रवेश फेरीचा, म्हणजे कॅप राउंडचा, फॉर्म भरल्याशिवाय कोणत्याही कॉलेजात जागा पक्की करू नका. आमच्याही.'

कारण तुम्हाला माहीत आहे. कॅपमधून आलेल्या मुलालाच शिष्यवृत्ती मिळते. मॅनेजमेंट कोट्यातून आला की नाही.

पत्राचा मायना बरोबर आहे ना, एवढं तपासा. बाकी शेरे नकोत.

तुमची विद्यार्थिनी,
ज्योत्स्ना मगरे

जालना, १६ जून २०२५

आदरणीय सर,

काल तुमचा फोन आला आणि मी तीन वेळा 'हो सर' म्हणाले. तुम्ही जे विचारत होतात त्याचं उत्तर तिन्ही वेळा 'नाही' होतं. तुमचा आवाज कानावर पडला की मी अजून आठवीच्या वर्गात उठून उभी राहते, हे मला कालपर्यंत ठाऊक नव्हतं. म्हणून पुन्हा पत्रच लिहिते. कागदावर मी बत्तीस वर्षांची आहे.

तुम्ही म्हणालात, "पोरी, कुठून कुठं गेलीस! आणि हे कुणामुळं, सांग बरं?"

माझं मराठी तुमच्यामुळं. 'आपलं म्हणणं आधी सांगावं, मग कारण' ही शिस्तही तुमचीच. वस्तीवरच्या पोरीला पहिल्या बाकावर बसवणारे तुम्ही होतात आणि हेडमास्तरांनी भुवया उंचावल्या तेव्हा "ती तिथंच बसंल" असं म्हणणारेही तुम्हीच. हे मी कुणापुढंही सांगेन. बाकीचं तुमच्यामुळं नाही.

तुम्ही विचारलंत, हे पत्रक कुणाच्या डोक्यातून निघालं? माझ्या. एप्रिलमध्ये मी आणि महजबीननं मिळून ते लिहिलं. महजबीन शिष्यवृत्ती विभाग सांभाळते, इथंच जालन्यात मस्तगडला राहते, आणि खोटं बोलायला लागलं की तिला उचकी लागते, असं तीच सांगते. पहिला कागद आम्ही संस्थेच्या अध्यक्षांपुढं ठेवला. त्यांनी तो दोनदा वाचला.

"मॅडम, हे माहितीपत्रक आहे का पोरं हाकलून लावायचा कागद?"

त्यात 'शिष्यवृत्तीत काय बसत नाही' असं एक वेगळं शीर्षक आहे. बसचा पास, पुस्तकं, एप्रन, वसतिगृह, जेवण. शिष्यवृत्ती खात्यात यायला किती महिने लागतात तेही आहे, आणि तोवर मुलाला वर्गाबाहेर काढणार नाही असं लेखी आहे. नोकरीबद्दल आम्ही लिहिलंय: मागच्या वर्षी एकेचाळीस पास झाले, एकोणीस औषधांच्या दुकानात लागले, सहा पुढं शिकतात, उरलेल्या सोळांचं आम्हाला माहीत नाही.

अध्यक्षांचं बोट त्या शेवटच्या वाक्यावर थांबलं. "'माहीत नाही' असं कोण छापतं हो?"

मी म्हणाले, "साहेब, शंभर टक्के नोकरी असं सगळेच छापतात. आपण हे छापलं तर निदान बाकीचा कागद लोक खरा धरतील."

"आणि जागा रिकाम्या राहिल्या तर?"

"मागच्या वर्षी साठातल्या बावीस राहिल्याच होत्या. तेव्हा तर आपण सगळं चांगलंच सांगत होतो."

ते हसले नाहीत, पण सही केली. बाहेर आल्यावर महजबीननं माझा दंड दाबला. "बाई, मी तर पर्स आवरून ठेवली होती. बिलकुल वाटलं आज घरी बसवतात."

परवा उषाबाई नावाच्या एक बाई परतूरहून मुलाला घेऊन आल्या. कागद मुलाकडून वाचून घेतला, घडी घालून पदराला बांधला. म्हणाल्या, "पाच कॉलेजं फिरले. समद्यांनी चहा पाजला. तुमी न्हाई पाजला, पण तुमी सांगितलं." उद्या कॅपचा फॉर्म भरायला येणार आहेत. चहा मात्र आम्ही खरंच पाजत नाही. कॅन्टीनच नाही.

तुमचा शेवटचा प्रश्न होता, "एवढी कडक कधी झालीस?" त्याचं उत्तर आज लिहीत नाही.

ज्योत्स्ना

जालना, ३० जून २०२५

सर,

आज सकाळी बेबीनंदाबाई टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. तुमच्या यादीतल्या चौथ्या नावाच्या आई. ओळख पटायला वेळ लागला नाही, त्यांचं माहेर आमच्या शेजारचं.

"ज्योत्स्नाताई, सर आमाला दुसऱ्या कॉलेजात घेऊन गेल्ते. जीप केल्ती. तिथले साहेब म्हणले, कॅप-बिपची झंझट नको, जागा बुक करून टाका, शिष्यवृत्ती आपोआप होती, एक रुपया लागत न्हाई. खरं हाय का?"

"तुम्ही सही केली?"

"न्हाई अजून. माझी पोरगी म्हणली, आधी ज्योत्स्नाताईला इचार. फहीम टेलरनं मात्र केली. त्याच्या आयेशाचे समदे कागद बी देऊन आला. ओरिजनल."

मी त्यांना बसवलं, पाणी दिलं, कागद वाचून दाखवला. त्या गेल्यावर पेन उघडलं. दोन आठवड्यांपूर्वी जे लिहीत नाही म्हटलं होतं, ते आता लिहिते.

२०११ च्या जूनमध्ये तुम्ही मला आणि दुसऱ्या दोघांना जीपमध्ये बसवून एका फार्मसी कॉलेजात नेलंत. वाटेत आम्हाला भजी खाऊ घातलीत. म्हणालात, "फॉर्म भरायची गरज नाही, जागा मी पक्की केली. मागासवर्गीयांना सगळं माफ असतं." माझ्या वडिलांनी, अण्णांनी, तुम्ही जिथं बोट दाखवलंत तिथं सही केली. अण्णा तेव्हा बियाण्याच्या गोदामात हमाली करायचे. तुम्ही सांगितलंत म्हटल्यावर त्यांनी काय वाचायचं होतं?

पहिलं वर्ष मी पहिल्या वर्गात पास झाले. दुसऱ्या वर्षी शिष्यवृत्तीची यादी लागली. तिच्यात माझं नाव नव्हतं. खिडकीतला क्लार्क मान वर न करता म्हणाला, "तू मॅनेजमेंटची आहेस." मला त्याचा अर्थ कळेना. मला वाटलं, ही काहीतरी चांगली गोष्ट असेल.

दोन्ही वर्षांची फी भरा, नाही तर कागद मिळणार नाहीत, असं झालं. टीसी, बारावीची गुणपत्रिका, जातीचा दाखला, सगळं त्यांच्या कपाटात. मी कॉलेज सोडलं. मस्तगडला एका औषधाच्या दुकानात दोन वर्षं गोळ्यांच्या पट्ट्या कापल्या, फी फेडली आणि कागद सोडवून आणले. मग बाहेरून बी.ए. केलं, मग क्लार्क झाले.

आता जे मी कुणालाच सांगितलं नाही, ते.

अण्णांना मी सांगितलं की मी नापास झाले.

खरं सांगितलं असतं तर ते तुमच्या दारात आले असते. सगळ्या गावासमोर, हमालीच्या कपड्यांत, ओरडत. तुम्हाला तसं खाली बघताना पाहणं मला सहन झालं नसतं. म्हणून मी नापास झाले. तेरा वर्षं मी माझ्या घरात नापास आहे. पाहुणे आले की अण्णा म्हणतात, "पोरगी हुशार होती, पण फार्मशीचं झेपलं न्हाई तिला." आणि तुम्ही रस्त्यात भेटलात की दोन्ही हात जोडतात.

म्हणून कडक झाले, सर.

अकरा जणांना पुन्हा त्याच जीपमध्ये बसवू नका. कॅपच्या नोंदणीला अजून पंधरा दिवस आहेत.

ज्योत्स्ना

जालना, १४ जुलै २०२५

सर,

तुमचं उत्तर आलं नाही. काल गावच्या शाळेत आम्ही पालकांची सभा घेतली, निरोप तुम्हालाही होता. तुम्ही आला नाहीत, म्हणून काय काय झालं ते मीच कळवते. दुसऱ्याकडून तिखटमीठ लावून कळायला नको.

शनिवारीच मी गावी गेले. अण्णा अंगणात बाज विणत होते. मी दोरीचं दुसरं टोक धरलं आणि म्हणाले, "अण्णा, मी नापास झाले नव्हते."

"मंग?"

मी सगळं सांगितलं. त्यांचे हात थांबले.

"सरानं?"

"हो."

"मंग तेरा वर्सं मला कामून न्हाई सांगितलं?"

"तुम्ही त्यांच्या दारात गेला असता."

"गेलोच असतो!" ते केवढ्यानं तरी ओरडले. मग दोरी ताणली, गाठ मारली, पुन्हा सोडली. बऱ्याच वेळानं हळूच विचारलं, "म्हंजे तू पास झाल्ती?"

"पहिल्या वर्गात, अण्णा."

ते उठले आणि कुंपणापाशी गेले. शेजारच्या दुर्गाबाई शेणी थापत होत्या. त्यांना म्हणाले, "आमची ज्योत्स्ना पहिल्या वर्गात पास झाली."

"अगं बाई! कवा?"

"तेरा वर्सं झाले."

दुर्गाबाईंना काही कळलं नाही. पण अण्णा हसत होते, आणि डोळे पुसत होते, आणि पुन्हा हसत होते. बाज तशीच अर्धी राहिली. संध्याकाळपर्यंत वस्तीवरच्या प्रत्येक घराला ते सांगून आले. सर, मला पगारवाढीचं पत्र मिळालं तेव्हा मी इतकी मोठी झाले नव्हते.

काल रविवारी महजबीन सकाळच्या बसनं आली. शाळेच्या व्हरांड्यात अकराच्या अकरा घरची माणसं होती. आम्ही कागद वाटले, वाचून दाखवला. महजबीननं कॅपचा फॉर्म मोबाइलवर कसा दिसतो ते दाखवलं. मग फहीमभाई उभे राहिले.

"मॅडम, शेजूळ सर आमच्याशी झूठ कशाला बोलतील? माझ्या तिन्ही पोरांना त्यांनीच शिकवलं. तुम्ही तुमच्या कॉलेजसाठी गिऱ्हाईक जमा करून राह्यले, दुसरं काय?"

मी म्हणाले, "फहीमभाई, आमच्या कॉलेजात येऊ नका. कॅपचा फॉर्म भरा आणि पाहिजे त्या कॉलेजचं नाव टाका. सरकारी टाका, संभाजीनगरचं टाका. आमचं टाकू नका."

मग मी माझी गोष्ट सांगितली. बेबीनंदाबाईंनी विचारलं, "ताई, तुमच्या टायमाला तुमाला कोण घेऊन गेल्तं?"

मी तुमचं नाव घेतलं नाही. दया म्हणून नव्हे. नाव घेतलं असतं तर सगळी सभा तुमच्यावर बोलत बसली असती आणि फॉर्म कुणीच भरला नसता.

तेवढ्यात मागून अण्णा उठले. मला वाटलं, आता हे बोलतात. ते म्हणाले, "कोण गेल्तं ते सोडा. सही म्या केल्ती. कागदावर काय लिवलंय ते म्या इचारलं न्हाई. मला वाटलं, इचारलं तर अडाणी दिसंल. तुमी इचारा. माझी पोरगी पहिल्या वर्गात पास झाल्ती, तरी घरी बसली. मी न्हाई इचारलं म्हणून."

फहीमभाई कागद न घेता निघून गेले. बाकीच्या दहांपैकी सात जणांनी तिथंच फॉर्म भरले. शाळेतलं नेट गेलं तेव्हा महजबीननं स्वतःचा मोबाइल खिडकीत उंच धरून ठेवला, हात भरून आला तरी.

शेवटची तारीख बुधवार आहे.

ज्योत्स्ना

जालना, २२ ऑगस्ट २०२५

सर,

हे पत्र टपालानं पाठवत नाही. बेबीनंदाबाई तुमच्या हातात देतील. मी दोनदा फोन केला, तुम्ही उचलला नाहीत.

फहीमभाईंच्या आयेशानं शेवटच्या दिवशी घरी न सांगता कॅपचा फॉर्म भरला होता. बेबीनंदाबाईंच्या मुलीनं तिला महजबीनकडं आणलं होतं. आता दुसऱ्या फेरीत तिचा नंबर लागलाय. आमच्याच कॉलेजात. सोमवारी चारच्या आत मूळ कागद घेऊन हजर व्हायचं आहे, नाही तर जागा जाते आणि जागेबरोबर शिष्यवृत्तीही.

कागद त्या दुसऱ्या कॉलेजात आहेत. काल फहीमभाई मागायला गेले. त्यांना सांगितलं, पूर्ण कोर्सची फी भरा आणि न्या. मूळ कागद असे अडकवून ठेवता येत नाहीत, नियमच आहे. मी तक्रारीचा अर्ज लिहून दिला आहे. पण अर्जाला उत्तर यायला महिना लागेल आणि आपल्याकडं तीन दिवस आहेत.

फहीमभाई माझ्या टेबलापुढं रडले, सर. व्हरांड्यात मला काय म्हणाले होते ते आठवून जास्त रडले.

त्या कॉलेजात तुमच्या शब्दाला किंमत आहे. आयेशाचा हात धरून तुम्ही तिला नेलंत. तसंच परत आणा.

ज्योत्स्ना

जालना, १५ सप्टेंबर २०२५

आदरणीय सर,

प्रवेशाची धामधूम संपली, म्हणून आज निवांत लिहिते.

त्या सोमवारी आयेशा तीन वाजून वीस मिनिटांनी माझ्या टेबलापाशी आली. धापा टाकत होती. फाइल छातीशी धरलेली. महजबीननं एकेक कागद तपासला, शिक्का मारला, आणि मग टेबलावर डोकं ठेवून दोन मिनिटं तशीच बसून राहिली. मी आयेशाला पाणी दिलं आणि विचारलं, कसे मिळाले कागद?

तिनं सांगितलं ते तुम्हाला लिहिते. ती तिथं होती आणि तुम्ही ते स्वतःहून कुणाला सांगणार नाही.

शनिवारी तुम्ही दिवसभर त्यांच्या ऑफिसबाहेर बसून राहिलात. कुणी आत घेतलं नाही. संध्याकाळी तिथले साहेब बाहेर आले आणि हसून म्हणाले, "सर, तुम्हीच आणता, तुम्हीच नेता, असं कसं चालंल?" सोमवारी दहाला तुम्ही पुन्हा गेलात. या वेळी सरळ आत. आयेशा म्हणते, तुमचा आवाज वर्गातल्यासारखा होता.

"या मुलीला मी खोटं सांगून आणलं. शिष्यवृत्ती होणार नाही हे मला माहीत होतं. तिचे कागद द्या. न्हाई तर बाहेर जे पालक बसलेत, त्यांना एकेकाला हेच सांगतो."

साहेबांना वाटलं, म्हातारा धमकी देतोय. तुम्ही बाहेर गेलात आणि पहिल्या बाकावर बसलेल्या माणसाला नमस्कार करून म्हणालात, "मी कडूबा शेजूळ, रिटायर मास्तर. इथं मुलं आणून देतो. तुम्ही कॅपचा फॉर्म भरला का?" मग दुसऱ्याला. मग तिसऱ्याला. चौथ्यापाशी पोहोचलात तेव्हा शिपाई फाइल घेऊन पळत आला.

आयेशा हे सांगताना हसत होती आणि फहीमभाई भिंतीकडं तोंड करून उभे होते. त्यांनी सांगितलं, तुम्ही फाटकाबाहेर रसवंतीपाशी थांबला आहात, आत यायला नको म्हणता. मी धावत गेले. रसवंतीवाला म्हणाला, आताच घनसावंगीची बस मिळाली त्यांना.

सर, त्या दिवशी मला तुमचा अभिमान वाटला. स्वतःच्या तोंडानं, अनोळखी माणसांपुढं, 'मी मुलं आणून देतो' असं म्हणायला काय लागत असेल ते मी समजू शकते. मला माझ्याच बापाला 'मी पास झाले होते' सांगायला तेरा वर्षं लागली.

मी तुम्हाला माफ केलं, असंही लिहिणार होते. पण ते अजून खरं नाही. आणि जे खरं नाही ते लिहून द्यायचं काम मी करत नाही. झालं की कळवीन.

अण्णांकडं तुम्ही अजून गेला नाहीत. ते वाट बघत आहेत. रस्त्यात भेटून हात जोडणं आता त्यांनी बंद केलंय हे तुम्ही पाहिलंच असेल. घरी जा. ते ओरडतील. ओरडू द्या. त्यांचा तेवढा हक्क आहे. मध्येच निघून येऊ नका.

बाकी हिशोबाचं विचाराल तर तुमच्या अकरांपैकी आठ जण कॅपमधून लागले. आमच्याकडं आयेशा धरून फक्त तीन. बेबीनंदाबाईंची मुलगी सरकारी कॉलेजात गेली, संभाजीनगरला. तिघं अजून त्या दुसऱ्या कॉलेजातच आहेत. त्यांच्यापायी मला स्वस्थ वाटत नाही, त्यांच्या घरच्यांशी बोलणं चालू आहे. अध्यक्षांनी मला बोलावलं. "मॅडम, एवढं गावोगाव फिरून तीन?" मी म्हणाले, "साहेब, तीन आपल्याकडं. आठ शिष्यवृत्तीत." त्यांनी डोक्याला हात लावला. मग म्हणाले, यंदा साठातल्या एकोणपन्नास भरल्या, आणि मधे सोडून गेलेलं पोरगं अजून एकही नाही, ते कसं काय? मी सांगितलं, "सगळं ऐकून आलेत, म्हणून." पुढच्या वर्षीचं पत्रक त्यांनी स्वतःच छापायला टाकलंय. 'माहीत नाही' हे वाक्य तसंच ठेवलंय. उलट विचारत होते, त्या सोळांचा काही पत्ता लागतो का बघा. महजबीननं फोन लावायला सुरुवात केली आहे. आजपर्यंत सात सापडले.

आता माझं काम.

पुढच्या जूनमध्ये आमच्या टेबलापाशी एक माणूस हवा आहे. माझं ऐकताना लोक आधी माझं वय बघतात, मग आडनाव विचारतात, मग ऐकतात. तुमचं तसं नाही. तुम्ही बोलायला लागलात की पालक टोपी काढून गुडघ्यावर ठेवतात. तुमच्या एका शब्दावर अकरा घरं जीपमध्ये बसली होती. ती ताकद घरात ठेवून काय करायची?

काम एवढंच. येणाऱ्याला बसवायचं, कागद पूर्ण वाचून दाखवायचा, आणि वाचून झाल्यावर विचारायचं, काय समजलं ते मला सांगा. जसं वर्गात विचारायचात. चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून. जो मुलगा दुसरीकडं जाईल त्यालाही तितकंच नीट.

नऊला या, पाचला सुटी. डबा घरून आणावा लागेल. मानधन नाही. मुलामागं काही नाही. खुर्ची आहे.

तुमची,
ज्योत्स्ना